निर्व्याज आणि बिनव्याजी

जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, कर्ज हे हिशेबाचे शब्द अरबी-फारसीतून आले असं सांगतात, ते बरोबरच. पण त्यावरून ‘पैशाच्या व्यवहाराला मराठीत घरचा शब्दच नव्हता’ असं म्हणणं मला पटत नाही. भांडवलातलं ‘भांड’ संस्कृतातलं, अर्थ भांडं आणि विक्रीचा मालही. आणि ‘व्याज’ तर थेट संस्कृत! तिथे मात्र त्याचा अर्थ बहाणा, कपट. म्हणून व्याजस्तुती (स्तुतीच्या बहाण्याने केलेली निंदा), म्हणूनच निर्व्याज, म्हणजे निष्कपट प्रेम. निर्व्याज आणि बिनव्याजी हे एकाच शब्दापासून झालेत, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो. पाणिनी पैशावरच्या व्याजाला ‘वृद्धि’ म्हणतो आणि दहा देऊन अकरा घेणाऱ्या सावकारासाठी ‘दशैकादश’वरून वेगळा शब्दही साधून देतो.

घरचाच आणखी एक शब्द, ‘नावे’. माझे आजोबा मुंबईत भुलेश्वरला कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांची लाल कापडी बांधणीची एक रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, अजून घरी आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे डेबिट. इंग्रजी पद्धतीच्या खात्यात डेबिट डावीकडे असतं, इथे बरोबर उलट. ज्याने माल उधार नेला त्याच्या नावावर रक्कम मांडायची, म्हणून ‘नावे टाकणे’. एकाच पानावर अरबी ‘जमा’ आणि शेजारी आपलं ‘नावे’, दोन्ही त्याच बोरूने लिहिलेले.