फिल्मपट्टीवर हाताने रंगवलेले ॲनिमेशन: साधना की नुसती हौस?

चिकित्सक:
फिल्मपट्टीवर रंग फासून किंवा सुईने ओरखडे काढून केलेल्या ॲनिमेशनचे कौतुक आता पुरे झाले. प्रयोगशील चित्रपटकार लेन लाय यांनी १९३५ साली ‘अ कलर बॉक्स’ हा लघुपट केला तेव्हा त्यात नवलाई होती. आज हाताने काढलेल्या रेघांची तीच थरथर संगणकावर मिनिटभरात मिळते.

रीळवेडा:
थरथर मिळते, पण ती कशामुळे येते हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर फूटभरात १६ चौकटी (फ्रेम) बसतात आणि सेकंदाला २४ चौकटी पळतात, म्हणजे दीड फूट रंगवावे तेव्हा एक सेकंद भरतो. काळ्या पट्टीवर तर आधीची रेघ पुढच्या चौकटीत नेमकी त्याच जागी उतरवणे महाकठीण. ॲनिमेशनकार नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी ‘ब्लिंकिटी ब्लँक’मध्ये (१९५५) बऱ्याच चौकटी कोऱ्या ठेवून मधूनच काही कोरल्या आणि उरलेले प्रेक्षकाच्या डोळ्यावर सोपवले, ते या अडचणीपायीच. शिवाय रंगीत प्रिंटची, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या फिल्मप्रतीची, रंगांचे थर असलेली काळी पट्टी हलकेच खरवडली तर हिरवा, खोल गेल्यास पिवळा आणि तळाशी पांढरा प्रकाश मिळतो. हाताचा दाबच तिथे रंग ठरवतो. आपल्या संगणकाला हे जमते का?

मीरा_क:
मॅक्लॅरेन यांचे नाव सारेच घेतात. ‘बिगॉन डल केअर’च्या (१९४९) सहदिग्दर्शिका एव्हलिन लॅम्बार्ट मात्र अशा प्रत्येक चर्चेत गायब असतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

चिकित्सक:
लॅम्बार्ट यांना माझा नमस्कार, परंतु मुद्दा तो नाही. प्रयोगशील चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांनी ‘मॉथलाइट’साठी (१९६३) पतंगांचे पंख आणि पाने चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबली, हे खरे, पण प्रेक्षकाला दिसते ती त्या पट्टीची प्रिंट, आणि आता तर बहुधा स्कॅन. मग हा हस्तस्पर्श पोहोचतो तरी कोणापर्यंत?

रीळवेडा:
प्रिंट आणि स्कॅन यांना एका पंक्तीला बसवू नका! प्रिंट फिल्मवरच उतरते आणि प्रोजेक्टरमधून तिच्यातूनच प्रकाश जातो. एका महोत्सवात सोळा मिलिमीटरचा खेळ जाहीर करून आम्हांला पेनड्राइव्हवरची फिकट फाइल दाखवण्यात आली, आणि विचारणा केली तेव्हा आयोजक म्हणाले की कोणाला कळते!

मीरा_क:
त्याहून वाईट म्हणजे स्कॅननंतरची सफाई. धूळ पुसणाऱ्या प्रणालीला पंखावरचा कण आणि कपाटातली धूळ यांतला फरक कसा कळावा? चौकट स्थिर करणारी प्रणाली तर हाताची थरथरच दोष समजून काढून टाकते.

चिकित्सक:
म्हणजे आपली तक्रार स्कॅन करणाऱ्यांविरुद्ध आहे आणि बोलणी मी खातो आहे. दाबाने रंग बदलतो, एवढे नाइलाजाने मान्य करतो. परंतु प्रिंट काढायची तर प्रयोगशाळा लागते आणि खेळ लावायचा तर प्रोजेक्टर. या दोन्हींचा खर्च कोण उचलणार, तेही एकदा सांगून टाका.

रीळवेडा:
खर्चाचे बोलणे आपण काढलेत, हे बरे झाले. पट्टी खरवडायला एक सुई पुरते. संगणकाची किंमत आपण सांगा.