पुरानंतरची आरोग्याची सूचना म्हाताऱ्या माणसांपर्यंत खरंच पोहोचते का?

गावभागकर
२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ओसरल्यावर आमच्या आईच्या हातात एक पुडी आली. तिच्यात लेप्टोचा ताप होऊ नये म्हणून पोटात घ्यायची गोळी होती आणि क्लोरीनची, पाण्यात टाकायची गोळीही होती. वाटणारा पोरगा बोळातूनच ओरडला, "आजी, एक खायची, एक पाण्यात!" आणि पुढं गेला. आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. संध्याकाळी मी आलो तेव्हा ती क्लोरीनची गोळी तळहातावर घेऊन बसली होती, शेजारी पाण्याचा तांब्या. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

सूचना आल्या होत्या, पण माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तिच्याकडं बटणांचा फोन. माझं म्हणणं एवढंच, की साठीच्या पुढच्या माणसाला असं काही सांगायचं तर ओळखीच्या माणसानं समोर बसून सांगावं आणि त्यांच्या तोंडून परत वदवून घ्यावं.

मिरज_पूर्व
तळमळ पटली, उपाय नाही. हजार लोकसंख्येमागं एक आशा (गावातली आरोग्यसेविका), हा निकष. पूर ओसरला की तापाचा सर्वे तिनंच करायचा, गोळ्या तिनंच वाटायच्या, आणि कैकदा तिचंच घर चिखलात असतं. ती घरोघरी बसत राहिली तर शेवटच्या घरी पोचेपर्यंत लोकांनी दूषित पाणी प्यालेलं असेल. "पाणी उकळून प्या" हे घंटागाडीच्या स्पीकरवरून तासाभरात अख्ख्या वॉर्डाला कळतं. आधी वेग महत्त्वाचा.

गावभागकर
स्पीकर ऐकू येतो, समजत नाही. गाडी चालू, शब्द अर्धे.

कृष्णाकाठ_वाळवा
फोनचंही तेच. "अनोळखी नंबर उचलू नका, ओटीपी सांगू नका" असं आपणच वडिलांना रोज बजावतो. मग आरोग्य खात्याचा फोन आला तरी ते कट करणारच. त्यात त्यांची काय चूक? मात्र पुण्यातल्या लेकीनं सांगितलं की लगेच ऐकतात. निरोप आधी लेकीला जावा.

मिरज_पूर्व
आणि ज्यांची लेक नाही, त्यांचं?

पलूसची_आशा
मी स्वतः आशा आहे म्हणून लिहिते. दोन गोळ्या एका पुडीत देणं चूकच. मी क्लोरीनची गोळी हातात देतच नाही, त्यांच्यासमोर घागरीत टाकते. लेप्टोची गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगते. "उंदराच्या मुतानं पाणी बाटतं, पायाच्या भेगेतून आजार शिरतो" म्हटलं की पटकन समजतं. पत्रकातलं "लेप्टोस्पायरोसिस" कुणाला कळायचं?

पण गावभागकर दादा, साठीच्या पुढचे सगळे एका माळेत ओवू नका. आमच्या वस्तीत सत्तरीच्या एक काकू आहेत. पूर ओसरला की माझ्याआधी त्याच गल्ली पालथी घालतात. त्यांना फक्त सांगायचं काय ते नीट द्या. माझी खरी अडचण एकट्या राहणाऱ्यांची आहे. दार आतून लावलेलं असतं, हाक मारली तरी ओ येत नाही.

मिरज_पूर्व
अशा घरांची यादी पावसाळ्याआधी गल्लीनंच करावी, हे मान्य. तरी स्पीकर पहिला, माझं मत तेच.

गावभागकर
पहिला असू दे. पण गोळी हातात देताना तरी कुणीतरी उंबऱ्याच्या आत यावं. वदवून घ्यायला दोन मिनिटं लागतात.