४.४३ ने गुणायचं राहिलं आणि पेपर छापून आला. आता काय करू?

नोंदवही_६१:

नमस्कार. पर्यावरणशास्त्रात पीएचडी करतेय, चौथं वर्ष. सरळ सांगते, कारण तीन रात्री धड झोप नाही.

कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यातल्या ४२ विहिरींचं पाणी मी नायट्रेटसाठी तपासलं. तालुका लिहीत नाही, कुणाचं नाव-गाव बाहेर येणार नाही असा शब्द विहीरमालकांना दिलाय. यूव्ही स्पेक्ट्रोवर (पाणी अतिनील प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) २२० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, त्यातून २७५ च्या रीडिंगची दुप्पट वजा करायची आणि स्टँडर्डच्या, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणांच्या, रेषेवरून आकडा काढायचा, ही आमची पद्धत. आमच्या लॅबचे स्टँडर्ड नायट्रोजनच्या हिशोबाने बनवलेले आहेत. त्यामुळे हाती येतो तो नायट्रोजनचा आकडा. त्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं. भारतीय मानकातली ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा नायट्रेटची आहे.

शेवटच्या दिवसाचे ११ नमुने टेलकडचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडचे होते, ३२ ते ४२ नंबर. ते आकडे मी एक्सेलमध्ये नंतर चिकटवले, आणि चिकटवले ते थेट शेवटच्या रकान्यात. गुणाकार त्या ओळींना लागलाच नाही. पावसाळ्यानंतरचे नमुने लावताना परवा जुनी नोंदवही उघडली. पान ६१ वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, '३७ : १३.८ (एन)', एन म्हणजे नायट्रोजन. पेपरच्या तक्त्यातही ३७ समोर १३.८ च. खरा आकडा ६१.१ आहे.

पेपरमध्ये ४२ पैकी ७ विहिरी मर्यादेबाहेर आहेत असं छापलंय. खरं तर ११ आहेत. ३३, ३६, ३७ आणि ४० या चारही टेलच्या. आणि निष्कर्षात मी लिहिलंय की टेलकडचं पाणी तुलनेने सुरक्षित आहे.

माझ्या गाईड सरांना दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "थिसिसमध्ये दुरुस्त करून घे, पेपर झाला तो झाला, कोण बघतंय." पेपरवर चार नावं आहेत: माझं, सरांचं, लॅबमधल्या मैत्रिणीचं आणि विभागप्रमुखांचं. विभागप्रमुखांनी डेटा कधीच पाहिलेला नाही.

रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा कोर्स मी केलाय, 'प्रामाणिक चूक' यावर पान भरून उत्तरही लिहिलंय. पण मला सर्वांत जास्त छळतंय ते वेगळंच. तपासणी झाल्यावर प्रत्येक विहीरमालकाला मी छापील चिठ्ठी दिली होती. ३७ नंबरच्या आजोबांनी ती माझ्यासमोर देवघराच्या फळीखाली चिकटवली. तिच्यावर 'पिण्यास योग्य' असं लिहून खाली माझी सही आहे.

मी काय करू, आणि कोणत्या क्रमाने?

पेटीतला_थिसिस:

तुझी घालमेल समजते. मी नुकताच यातून बाहेर पडलोय, म्हणून व्यवहाराचं आधी सांगतो. थिसिसवर सही गाईडची लागते, तेव्हा त्यांना अंधारात ठेवून जर्नलला मेल टाकू नकोस. जे तोंडी बोलणं झालं ते त्याच दिवशी साध्या भाषेत मेलवर लिहून पाठव: "सर, आज आपण या ११ नमुन्यांबद्दल बोललो, मूळ आकडे सोबत जोडले आहेत." आरोपाचा सूर नको.

दुसरं, पेपर मागे घ्यावा लागला तर पीएचडी अडेल ही भीती असेल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम वाच. थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलेलाच हवा ही २०१६ च्या नियमांतली सक्ती त्यात नाही. तुझ्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती पीएचडी सेलमध्ये विचारून घे. माझा सल्ला: थिसिस आधी जमा कर, जर्नलचं नंतर बघ. चार महिन्यांनी काही आभाळ कोसळत नाही.

काचेचा_चंबू:

मी २६ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतोय. वरच्या मित्राचा पहिला परिच्छेद मला पटला, शेवटचं वाक्य अजिबात पटलं नाही. का ते सांगतो.

आधी एक विचारतो. ही पद्धत नायट्रोजनच्या ११ मिलिग्रॅमपर्यंतच सरळ रेषेत चालते, पुढे रेषा वाकते. १३.८ आलं ते नमुना पातळ करून आलं की तसंच? तसंच वाचलं असेल तर गुणाकार करूनही तो आकडा भरवशाचा नाही. पातळ केलं असेल तर किती, ते नोंदवहीत आहे का बघ. दुरुस्ती पाठवताना दुसरी चूक आत जायला नको.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे सचोटी म्हटलं की सगळे सिमिलॅरिटी रिपोर्टकडे बघतात, म्हणजे मजकूर आधी छापलेल्या लिखाणाशी किती टक्के जुळतो त्याकडे. २०१८ च्या यूजीसी नियमांनी १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द, अशी उतरंड लावली. ती हवीच होती. पण त्यामुळे मुलांचं सगळं लक्ष त्या टक्क्यावर गेलं. तुझ्या पेपरचा रिपोर्ट ६ टक्के आला असेल किंवा ८. ते सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, ३७ नंबरच्या विहिरीत काय आहे ते त्याला कुठून कळणार? ते फक्त तुला माहीत आहे. तुझी नोंदवही तुझ्याविरुद्ध साक्ष देतेय असं तुला वाटत असेल, पण मला विचारशील तर ती नोंदवही हीच तुझी सर्वांत मोठी मिळकत आहे. कंसातला तो 'एन' तू तेव्हा लिहिला नसतास तर आज चूक सापडलीच नसती.

माझ्या गाईडनी मला पहिल्या महिन्यात एक सवय लावली. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर व्हाइटनर फासायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा, सही आणि तारीख. मी एकदा ब्युरेटचं रीडिंग पेन्सिलीने लिहून नंतर बदललं होतं. त्यांनी काही न बोलता ते पान उजेडासमोर धरलं, दाबलेला जुना आकडा पाठीमागून दिसत होता. आठ दिवसांचं काम मी पुन्हा केलं. जर्नलमधलं शुद्धिपत्र म्हणजे तीच आडवी रेघ. जुनं दिसत राहतं, नवं शेजारी येतं.

'कोण बघतंय' याचं उत्तर देतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांचा २०१० चा पेपर होता. देशाचं कर्ज जीडीपीच्या (एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या) ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते असं त्यात म्हटलं होतं आणि सरकारी काटकसरीच्या बाजूने तो जगभर दाखवला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातला गृहपाठ म्हणून तेच आकडे पुन्हा काढायला बसला आणि त्याला ते येईनात. मूळ एक्सेल फाइल मागवली तेव्हा दिसलं की सरासरीचं सूत्र ओळ ३० ते ४४ एवढंच धरतंय, ४९ पर्यंत जायला हवं होतं. पाच देश बाहेरच राहिले होते. २०१३ मध्ये हे छापून आलं. देश निवडण्यावरून आणि त्यांना वजन देण्यावरून इतरही वाद होते, पण एक्सेलची चूक मूळ लेखकांनी मान्य केली. तुझ्याही एक्सेलमध्ये सूत्र न लागलेल्या ओळीच आहेत. बघणारा कधीतरी येतोच, आणि त्याने सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

मोठ्या माणसांनी सांगितल्याचंही उदाहरण आहे. फ्रान्सेस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 'सायन्स'मध्ये २०१९ साली आलेला त्यांच्या गटाचा पेपर त्यांनी जानेवारी २०२० मध्ये स्वतः मागे घेतला. प्रयोग पुन्हा केला तर तसा निकाल येत नव्हता आणि नोंदवहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या नोंदीच नव्हत्या. आपण कामात गढून गेलो होतो आणि आपली जबाबदारी नीट पार पाडली नाही, अशा अर्थाचं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. यामुळे त्यांचं नोबेल कुणी परत मागितलं नाही.

शुद्धिपत्र की पेपर मागे घ्यायचा, हा प्रश्न तुझ्या बाबतीत खरा आहे. प्रकाशनाच्या नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या समितीची दिशा अशी: बाकी पेपर विश्वासार्ह असून थोडाच भाग चुकलेला असेल तर दुरुस्ती, आणि निष्कर्षच टिकत नसतील तर माघार, मग चूक प्रामाणिक असली तरी. तुझ्या ३१ विहिरींचे आकडे ठीक आहेत, टेलबद्दलचा निष्कर्ष मात्र उलटतोय. हे ठरवणं संपादकाचं काम. तू दोन्ही तक्ते, जुना आणि नवा, समोरासमोर ठेवून पाठव. काय चुकलं, कधी आणि कसं लक्षात आलं, कोणती वाक्यं बदलतात, एवढंच लिही. तीन परिच्छेद पुरेत. दिलगिरी एका ओळीत. कुणी काय म्हणालं ते त्यात नको.

आणि विभागप्रमुखांचं नाव. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांचे लेखकपदाचे चार निकष बऱ्याच विषयांत मानतात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. मानाने दिलेलं नाव पहिल्या निकषांत बसत नाही, पण चौथा आज त्यांच्या दारात येऊन उभा राहिलाय. दुरुस्तीला चौघांची संमती मागावी लागेल, म्हणून त्यांनाही मेल जाणारच. पुढच्या पेपरला हे आधी बोल.

पाणी_तपासनीस:

ताई, मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. पेपरचं वरती सरांनी सांगितलं, मी फक्त पाण्याचं सांगतो.

आजच ३७ नंबरला फोन करा. मेल, जर्नल, सगळं त्यानंतर. पहिला प्रश्न हा विचारा की घरात किंवा वस्तीवर सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का आणि त्याला वरचं दूध देतात का. नायट्रेटचा सर्वांत मोठा धोका त्या बाळाला. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. अंगावरच पिणाऱ्या बाळाला हा धोका फार कमी. गरोदर बाई असेल तर तिलाही दुसरं पाणी द्यायला सांगा.

लोक हमखास म्हणतील, "मग उकळून देतो." उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनेही जात नाही, तुरटीनेही नाही. आरओने बऱ्यापैकी कमी होतं. नाहीतर पिण्यापुरतं पाणी दुसऱ्या स्रोतावरून.

चारही विहिरींचे नमुने पुन्हा घ्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून, बर्फाच्या डब्यात, ४८ तासांच्या आत तपासणी. स्वतःच्या लॅबमध्ये करा आणि दुसरी बाटली भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. ग्रामपंचायतीत गावाच्या पाण्याकडे बघणारा जलसुरक्षक असतो, त्याला सोबत घ्या, म्हणजे गावात नोंद राहील. मालकाची परवानगी मात्र आधी.

नोंदवही_६१:

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितेय.

चंबू सर, नमुना पातळ केला होता. २५ मिली पाणी ५० च्या फ्लास्कमध्ये, पान ६० वर तसं लिहिलेलं आहे. स्टँडर्डही पुन्हा लावून पाहिले.

फोन त्याच दुपारी केला. वस्तीवर दोन महिन्यांचं बाळ आहे, आजोबांच्या पुतण्याचं. ते आईच्या अंगावरच पितं, हे कळेपर्यंत माझा हात फोनवर थरथरत होता. शनिवारी जलसुरक्षक दादांना घेऊन गेले. आजोबांना सांगितलं की हिशोबात चूक माझी झाली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरी, आमच्या टेलला पाणी येतं ते सगळ्यांचं खत धुऊनच येतं, आम्हाला वाटलंच होतं." चिठ्ठी त्यांनीच नखाने खरवडून काढली, निम्मी फळीला राहिली. पिण्याचं पाणी आता ते शाळेजवळच्या नळावरून आणतात. जिल्हा प्रयोगशाळेचा ३७ चा आकडा ५७ आलाय, माझा ५८.४.

सरांना मेल केला, दोन्ही तक्ते जोडले. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग केबिनमध्ये बोलावलं आणि पहिलं वाक्य होतं, "बाळाचं काय?" चिठ्ठ्यांचं त्यांना माहीतच नव्हतं, मी पहिल्यांदा सांगताना फक्त पेपरबद्दल बोलले होते. पत्राचा मसुदा त्यांनी वाचला आणि 'माझ्याकडून' खोडून 'आमच्याकडून' केलं. एक आडवी रेघ मारून, बाजूला सही.

पत्र सोमवारी गेलं. मैत्रिणीची संमती आहे, विभागप्रमुखांनी अजून कळवलेलं नाही. संपादकांनी मूळ नोंदवहीच्या पानांचे फोटो मागवलेत. उद्या सकाळच्या एसटीने ३३ आणि ३६ ला जातेय, ४० चे मालक पुण्याला मुलाकडे आहेत, ते रविवारी भेटतील.