ओंबळे स्मारक आणि कुबेरचे खलाशी
२६/११ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी कसाबला पकडताना शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांच्या गिरगाव चौपाटीवरच्या स्मारकाला "बघण्यासारखं काही नाही, पाच मिनिटांत उरकतं" असं वर कोणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. हातात फक्त काठी असलेल्या माणसाने एके-४७ ची नळी धरून ठेवली ती इथेच, हे माहीत असलं की पाय निघत नाही. आमचे हर्णैचे काका, आयुष्यभर तांडेल (मच्छीमार बोटीचा प्रमुख), सोबत होते, त्यांनी चपला काढल्या, पुतळ्यापुढे हात जोडले आणि समुद्राकडे बघत म्हणाले, कुबेरवरच्या पोरांची आठवण कोण काढतो रे?

या चर्चेत तेच राहून गेलंय. २६/११ चे पहिले बळी मुंबईत नाही, भर समुद्रात गेले, अतिरेक्यांनी पळवलेल्या पोरबंदरच्या कुबेर या मच्छीमार ट्रॉलरचे चार खलाशी आणि मग मुंबईजवळ पोचल्यावर तांडेल अमरसिंह सोळंकी. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं आली, बोटींना राज्यवार रंग आले, काका ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवतात. मरीन ड्राइव्हला गेलात तर तसंच पुढे कफ परेडला बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीतही जा, ते दहा अतिरेकी उतरले ती जागा, आणि तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं.