आरसीटीच्या (दाताच्या रूट कॅनॉल उपचाराच्या) दोन भेटींमधलं टेम्पररी फिलिंग गळतं, काय करावं?

प्रश्न
कापूस वेचणी लागली की आठ दिवसांच्या तारखेचे पेशंट महिन्याने येतात. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड (जंतू मारणारं औषध), त्यावर कापसाचा बोळा, वर कॅव्हिट (तयार टेम्पररी मटेरियल). उघडावं तर कॅव्हिट झिजलेलं आणि बोळ्याला वास. मागची भिंत किडलेल्या खालच्या दाढांत तर हमखास. त्याऐवजी आयआरएम (झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं टेम्पररी मटेरियल) वापरावं का?

उत्तर १
डॉक्टर, मटेरियल बदलण्याआधी जाडी मोजा. कॅव्हिटला किमान 3.5 ते 4 मिमी लागतात. बोळा मोठा ठेवला की वर 2 मिमीच उरतात. पेरिओ प्रोब (मिमीच्या खुणा असलेली बारीक सळई) आत उभा धरला की लगेच कळतं. बोळ्याचा एक धागा कडेत अडकला तरी वातीसारखी लाळ आत ओढतो, आणि चावताना बोळा दबून वरचं मटेरियल खचतं. त्याऐवजी निर्जंतुक टेफ्लॉन टेपचा पातळ थर द्या.

कॅव्हिट ओलाव्याने घट्ट होतं आणि होताना फुगतं, म्हणून तर त्याच्या कडा छान बंद होतात. तेव्हा आतून हवा मारून कोरडंठक्क करू नका. थोडं थोडं घेऊन कोपऱ्यांपासून दाबत या. तासभर त्या बाजूने काही चावायचं नाही; खर्रा खाणाऱ्याला हे दोनदा सांगा. ताकद मात्र कमीच. एक-दोन आठवड्यांपुढे त्याच्यावर विसंबू नये.

उत्तर २
आयआरएम झिजत कमी, पण कडेने गळतं कॅव्हिटपेक्षा जास्त. शिवाय त्यातलं युजेनॉल पुढे कॉम्पोझिटला (दाताच्या रंगाच्या पक्क्या फिलिंगला) नीट घट्ट होऊ देत नाही. पेशंट महिन्याने येणार हे दिसतंच आहे, तर जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) भरा. ते दाताला चिकटतं. खोली भरपूर असेल तर खाली कॅव्हिट, वर जीआयसी. फक्त भिंतींना लागलेलं कॅव्हिट आधी पुसून घ्या, नाहीतर जीआयसी धरणार नाही.

मागची भिंत गेलेली असेल तर पहिल्याच भेटीत कीड पूर्ण काढा, मॅट्रिक्स बँड (दाताभोवतीची पातळ पट्टी) लावून भिंत उभी करा, मग कॅनॉल (मुळातल्या नळ्या) उघडा. रबर डॅमचा (लाळ अडवणाऱ्या रबरी पडद्याचा) क्लॅम्पही नीट बसतो.

प्रश्नकर्ता
जीआयसी काढताना खालचा फ्लोअर (दातातल्या पोकळीचा तळ) कापला जाईल ना?

उत्तर २
दाताच्या रंगाहून वेगळी, पांढरी शेड घ्या. टेप दिसली की बर (ड्रिलचं टोक) थांबवा, बाकीचं एक्सप्लोररने (टोकदार हुकाने) उचला. आणि नस जिवंत असेल, कॅनॉल कोरडे होत असतील, तर एकाच बैठकीत संपवा. टेम्पररीचा प्रश्नच येत नाही.