जुन्या पेपरांत सापडलेलं युद्ध : तुमचे अनुभव लिहा

दुधनाकाठ
काल माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आईच्या लुगड्यांखाली अंथरलेला डिसेंबर 1971 चा पेपर निघाला. कसरीनं कडा खाल्ल्यात, पण आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेची बातमी शाबूत. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. 18 अधिकारी, 176 खलाशी आणि जहाज न सोडणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला.
आमच्या परभणीकडं समुद्र फक्त शिनेमात. पण गल्लीतला एक दादा नेव्हीत होता, दुसऱ्या बोटीवर. त्याची आई पेपरचा गठ्ठा यायच्या टायमाला स्टँडवर जाऊन बसायची. वाचता येत नव्हतं. पेपर घेऊन तडक आमच्या ओट्यावर, बाबांपुढं धरायची आणि म्हणायची, "मास्तर, बोटीचं तेवढं वाचा." बाबा पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत बोट फिरवायचे. दादा सुखरूप आला, पण पुढं कितीतरी वर्षं मावशी पेपर आणायच्याच.
जुने पेपर चाळून कुणी पलटणीचं, नेव्हीचं, पोलीस ॲक्शनचं (1948 ची निजामाच्या हैदराबादवरची भारताची कारवाई) काही शोधलंय का? लिहा.

बोरीचा_पूल
आमचं नळदुर्ग. आजोबा सांगायचे, 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून रणगाडे आले, निजामाच्या लोकांनी उडवायच्या आत फौजेनं बोरीवरचा पूल धरला. लहानपणी वाटायचं म्हातारा तिखटमीठ लावायलाय. पुढं त्या आठवड्याचे मुंबईचे पेपर बघितले. पूल खरा, पहिलाच दिवसही खरा. पण आजोबांची म्हैस पळाली ते काही छापून आलेलं नाही 😀 घरी मात्र युद्ध म्हणलं की म्हशीपासूनच सुरू व्हायचं.

सुमन_ताई
भाकरी टाकता टाकता लिहायले. लुगड्यात डांबराच्या गोळ्या नका ठेवू, जर जाते. कडुनिंबाचा पाला वाळवून ठेवा. पेपर काढलाच आहे तर घडीवर घडी पाडू नका, तिथंच तुटतो.

आबान_1357
हैदराबाद संस्थानातले पेपर बघणार असाल तर आधी फसली सनाचा, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाचा, हिशोब शिका. वर्ष आजूरपासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू. इंग्रजी साल काढायला ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर फसलीत 590 मिळवा, पुढं 591. पोलीस ॲक्शन 1357 फसलीतली, महिना आबान. सातबाऱ्याच्या भांडणात तलाठ्याकडं खेटे घातलेल्यांना हे पाठ असतंय.
दुसरं, निजामाच्या राज्यातला पेपर काय छापतोय यापेक्षा काय छापू शकत नाही ते बघा. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद संघटनेनं, मारलं, कारण ते भारतात सामील व्हा असं लिहीत होते. अशा वातावरणातली 'सर्वत्र शांतता' ही बातमी मी तरी शेजारच्या मुंबई इलाख्यातल्या पेपरशी ताडल्याशिवाय घेत नाही.

गण्या_बीडवाला
आमच्या घरचा सगळा इतिहास भेळवाल्यानं खाल्ला.

मोमिनाबाद
मोमिनाबाद हे अंबाजोगाईचं जुनं नाव. इथं हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेची, छावणी होती. हिंगोली, जालना, औरंगाबादलाही होत्या. माझ्या पणजोबांच्या भावाची पलटण शोधताना वैताग आला, कारण नाव दर पिढीला बदललेलं. कंटिंजंटची 5 वी पायदळ पलटण 1903 ला 98 वी इन्फन्ट्री झाली. 1922 ला 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची 4 थी बटालियन आणि 1945 पासून 4 कुमाऊं. ज्या सालचा पेपर, त्या सालचं नाव घेऊन शोधायचं, नाहीतर हाती भोपळा. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा याच 4 कुमाऊंचे, बडगाम, 3 नोव्हेंबर 1947. मला तर हे कळल्यावर जेवण गेलं नाही.
हीच 98 वी नोव्हेंबर 1914 ला पूर्व आफ्रिकेत टांगा नावाच्या बंदरावर लढली आणि तिच्यावर मधमाशा तुटून पडल्या. जर्मनांनी त्या मुद्दाम सोडल्या अशी आवई तेव्हा उठली होती. हरायला कारण लागतंय.

गण्या_बीडवाला
@मोमिनाबाद आग्या मोहोळ असणार. आमच्या मामाच्या लग्नात वरातीवर असंच झालं. बँडवाले ढोल टाकून विहिरीत. नवरदेव घोड्यावरच, घोडं पार केजच्या रस्त्याला.

सुमन_ताई
अगं बाई! मग लग्न लागलं का?

गण्या_बीडवाला
लागलं की. संध्याकाळच्या मुहूर्तावर, डोळे सुजलेले. फोटोत मामी कोणाशी लग्न करायली ते ओळखू येत नाही.

जुई_केळणा
मधमाशा पुरे. आमच्या असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803, इंग्रजांचा वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले. बातमी लंडनला पोचायला महिने लागले, म्हणून तिकडचे पेपर बघताना 1804 चे काढा. त्यातही छापलेलं असतं ते साहेबाचं पत्र. मेलेल्या घोड्यांचा आकडा मिळतो, आपल्या गावाचं काय झालं ते मिळत नाही.
नेव्हीवाल्यांसाठी गंमत : मुंबईच्या गोदीत 1854 मध्ये बांधलेल्या एका वाफेच्या फ्रिगेटचं नाव 'असाये' होतं. इराणच्या स्वारीत ती बुशहरला होती. गावाजवळच्या जुई नदीला पावसाळ्यातच काय ते पाणी, आणि गावाचं नाव समुद्रावर!

दुधनाकाठ
@जुई_केळणा हे माहीतच नव्हतं. भारी.

रिटायर्ड_ग्रंथपाल
थोडं कामाचं. एकाच दिवसाची डाक आवृत्ती आणि शहर आवृत्ती वेगळी असते. आपल्या जिल्ह्यांत डाक यायची, म्हणजे रात्री उशिराची बातमी त्यात नसते. 'बातमी आलीच नाही' म्हणण्याआधी पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक काढा. फेब्रुवारी 1946 चा नाविकांचा उठाव 18 तारखेला मुंबईत 'तलवार' या नेव्हीच्या तळावर सुरू झाला, 23 ला संपला. तेवढ्या दिवसांत आकडे रोज बदललेले दिसतील. शेवटचा अंक बघा, पण पहिलाही टाकू नका. फाईल काढणाऱ्या शिपायाला चहा पाजा, तो कपाटं ओळखतो.

बोरीचा_पूल
सर, उर्दू वाचून देणारं कुणी आहे का? आजोबांच्या पेटीत हैदराबादचे चार कागद आहेत, सही शिक्का दिसतो, बाकी काळं पाणी.

आबान_1357
माझे अब्बा वाचतात. चष्मा दुरुस्तीला दिलाय, सोमवारनंतर फोटो पाठवा. उजेडात काढा, फ्लॅश नको.

सुमन_ताई
@गण्या मामीचा तो फोटो असेल तर टाका की.