अनुभव धागा: ‘सेंटर स्टेज’, ‘लाइमलाइट’ तुमच्या बोलण्यात कधी आलं?

रामबागवाली
भाच्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘टेक सेंटर स्टेज’ (म्हणजे सगळ्यांचं लक्ष वेधून मध्यभागी येणं) वापरून वाक्य करा असं होतं. ते वाचलं आणि आमच्या इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहाची विंग डोळ्यांसमोर आली. कॉलेजात असताना आमच्या नाटकाचं बॅकस्टेज माझ्याकडे होतं. तिसरी घंटा कधी द्यायची, कोणाच्या हातात कंदील द्यायचा, सगळं मी बघायचे. पुढे नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, तुमचा मोठा गुण कोणता? मी म्हटलं, ‘आय डोन्ट नीड टू टेक सेंटर स्टेज, आय मेक शुअर द शो स्टार्ट्स ऑन टाइम.’ समोरचे सर हसले आणि पुढचे सगळे प्रश्न नाटकावरच आले. नोकरी मिळाली. आजही मला ते वाक्य मनापासून खरं वाटतं.
तुमच्याकडे असं एखादं वाक्य आहे का? घरातलं, ऑफिसातलं, कुठलंही. लिहा ना.

सुदामानगर_दुसरा मजला
आमच्या बिल्डिंगमध्ये तमिळ, बंगाली, सिंधी सगळे आहेत. मीटिंग हिंदीत सुरू होते आणि भांडण इंग्रजीत. मे महिन्यात बोअर आटला, टँकरच्या बिलावरून तासभर वाद. शेवटी मी उभा राहिलो, ‘द टँकर बिल हॅज टेकन सेंटर स्टेज, बट द टाकी इज स्टिल लीकिंग.’ टाकीला इंग्रजी शब्द सुचलाच नाही आणि गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. माणसापेक्षा प्रश्नासाठी हा प्रयोग जास्त चांगला बसतो असं माझं मत.

पोहे_जिरावन
+१. रंगपंचमीला इंदूरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्यावर दुसरं काही दिसतं का? ‘ऑन रंगपंचमी, द गेर टेक्स सेंटर स्टेज.’ बंगलोरच्या टीमला हेच सांगून सुट्टी घेतली होती. मग त्यांना व्हिडिओ पाठवले, आता तेच विचारतात यंदा कधी आहे.

शाळेतली मॅडम
इंग्रजी शिकवते म्हणून थोडं लिहिते, पेपर तपासता तपासता. ‘टेक सेंटर स्टेज’मध्ये ‘द’ येत नाही. मुलं हमखास ‘टेक द सेंटर स्टेज’ लिहितात. उलट ‘इन द लाइमलाइट’ (म्हणजे प्रसिद्धीच्या झोतात) मध्ये ‘द’ हवाच, आणि ‘अंडर’ नको, ‘इन’.
मी वर्गात खडूने रंगमंच आखते. प्रेक्षकांकडची बाजू डाउनस्टेज, मागची अपस्टेज, कारण जुन्या रंगमंचांना प्रेक्षकांच्या दिशेने उतार असायचा. मागचा भाग खरोखरच वर असे. आता एकाला मागे उभं करते आणि पुढच्याला त्याच्याशी बोलायला सांगते. पुढच्याला वळावं लागतं, पाठ वर्गाकडे होते, आणि सगळ्यांचं लक्ष मागच्यावर. ‘टु अपस्टेज समवन’, म्हणजे दुसऱ्यावरचं लक्ष आपल्याकडे खेचणं, मग समजावावं लागत नाही. एकदा असं उभं राहिलेलं मूल ते विसरत नाही.

मिल_एरिया
मॅडम, आम्हाला असं कोणी शिकवलं असतं तर!! अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या (मिरवणुकीतले देखावे) बघत मोठे झालो, झाँकीत मधला देखावा कोणाच्या वाट्याला येतो यावरून काय चुरस असायची.

केमिस्ट्रीवाले काका
लाइमलाइटमधला लाइम म्हणजे लिंबू नव्हे, कळीचा चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत चुन्याच्या कांडीवर मारली की ती पांढरीशुभ्र तेजाळते. थॉमस ड्रमंड यांनी 1820च्या दशकात आयर्लंडच्या जमीनमोजणीत दूरचे बिंदू दिसावेत म्हणून हा दिवा वापरला. 1837 मध्ये तो लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात आला. ज्योतीने कांडीला खड्डा पडे, म्हणून दिव्याजवळ माणूस बसून ती फिरवत राही. रामबागवाली ताई, तुमच्या बॅकस्टेजवाल्यांचाच तो पूर्वज. माझ्या निवृत्तीच्या समारंभात लॅब असिस्टंटबद्दल मी हेच सांगितलं होतं, ‘ही केप्ट द लाइम टर्निंग.’ त्याला मंचावर बोलावून हार घातला.

रामबागवाली
काका, वाचून डोळ्यात पाणी आलं.

दोन_डबे
कुकर लावलाय, पण लिहितेच. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा घरी मीच. दादा अमेरिकेहून दिवाळीला यायचा. तो आला की शेजारी, मामा, आत्या सगळे त्याच्याभोवती, आईसुद्धा त्याचंच नाव घ्यायची. मला राग नव्हता, पण दुखायचं. वहिनी तिकडची, मराठी येत नाही. एका रात्री ओट्यापाशी तिने विचारलं, ‘आर यू ओके?’ आणि मी बोलून गेले, ‘व्हेन ही कम्स, ही इज इन द लाइमलाइट. आय अ‍ॅम इन द किचन.’ मराठीत हे मी कोणाला म्हणू शकले नसते. मराठीत म्हटलं असतं तर ती तक्रार झाली असती, आणि मग आईच्या कानावर गेली असती.
ती काही बोलली नाही. सकाळी माझ्याआधी उठून आईची चादर बदलत होती, दादाला हाक मारून बेडपॅन हातात दिलं. जाईपर्यंत आईचं सगळं त्या दोघांनी केलं. मी कितीतरी दिवसांनी दुपारी झोपले. आई आता नाही. वहिनीचा फोन दर रविवारी येतो.

सुदामानगर_दुसरा मजला
ताई, नमस्कार तुम्हाला. आणि वहिनींनाही.

शाळेतली मॅडम
हे वाक्य मी मुलांना फळ्यावर लिहून देऊ का? नाव न सांगता.

दोन_डबे
द्या की. शिट्ट्या झाल्या, पळते.

बडोद्याहून
मूळची इंदूरची, आता दांडिया बाजारात. इथे शेव-उसळ सेंटर स्टेज, तिथे पोहे. तिथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, अजून भुट्ट्याचा (मक्याचा) कीस मिळतो ना? पाऊस सुरू झाला की जीव जातो त्याच्यासाठी.

पोहे_जिरावन
मिळतो, पण घरचा तो घरचाच. आमची आजी कोवळी कणसं किसायची, मिक्सरमध्ये नाही.

दोन_डबे
आले परत. वहिनीनेही तोच शिकून घेतलाय. साजूक तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग कीस घालून मंद आचेवर रंग बदलेपर्यंत परतायचा. दूध त्यानंतर, थोडं थोडं. आधी घातलं तर कच्चट लागतो.

बडोद्याहून
आणि साखर?

दोन_डबे
चिमूटभर. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. बडोद्यात पांढरी देशी कणसं मिळाली तर तीच घ्या, स्वीट कॉर्नचा गोळा होतो.